रेघेच्या आत

चिखल्यांना आमच्याकडे कोणी आजार म्हणत नाही. पावसाळ्यात पायाच्या बोटांमधली कातडी पांढरी पडते, फाटते, खाजते. कोणी खोबरेल लावतं, कोणी नुसतंच चोळतं, आणि गणपती गेल्यावर ऊन पडलं की तो विषय संपतो. माझ्या भावाच्या चिखल्यांचा विषय तसा संपला नाही. त्या वर्षी त्यांनी त्याचा पाय जवळजवळ नेलाच होता, आणि आम्ही स्वतःला शहाणी समजणारी माणसं रोज सकाळी त्या पायाचा फोटो बघून "छान आहे" म्हणत होतो.

भाऊ माझ्यापेक्षा धाकटा. पेणला रामवाडीच्या बाजूला गणपतीचा एक कारखाना आहे, तिथे तो आखणी करतो. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. अंगाचा रंग देणारे पुष्कळ असतात, डोळे काढणारे मोजकेच. डोळ्यांबरोबर शेल्याचे काठ, पितांबराच्या कडा, जिथे एक रंग संपून दुसरा सुरू होतो ती प्रत्येक रेघ त्याच्याच हातची असते. रंगवणाऱ्या पोरांचा ब्रश कडेबाहेर गेला की हा काही बोलत नाही, आपला बारीक ब्रश उचलतो आणि अशी रेघ फिरवतो की चूक झाली होती हेच कळू नये. मी रोह्याला शाळेत शिकवते. मला फळ्यावर सरळ रेघ मारायची तर पट्टी लागते. त्याच्या या हाताचं मला फार कौतुक होतं, अजूनही आहे, पण आता त्यात थोडी धास्ती मिसळली आहे.

आषाढ संपत आला होता. कारखान्यांत तेव्हा श्वास घ्यायला फुरसत नसते. एका रविवारी मी पेणला त्याच्या घरी गेले तर हा भिंतीला टेकून पाय लांब करून बसलेला. घोट्याच्या वर आंबेहळदीचा जाड लेप.

"काय झालं?"

"काय नाय गो ताई. किडा चावला असंल."

"कुठला किडा?"

"त्याला विचारायचं राहिलं."

माझ्याशी असंच बोलायची त्याची सवय. मला राग पटकन येतो हे त्याला पाळण्यात असल्यापासून ठाऊक आहे. मी कोमट पाणी आणायला सांगितलं आणि लेप धुऊन काढला. खाली पाय लाल होता, चकचकीत, ताणलेला. हाताला तापलेल्या तव्यासारखा लागला. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या इतक्या चिरलेल्या की आतलं मांस दिसत होतं. कारखान्याच्या मागच्या अंगणात पाणी साठतं, त्यातून दिवसभर ये-जा. भावजय म्हणाली, "वन्सं, मी कधीपासनं सांगते डॉक्टरकडं चला म्हणून." मी तिच्यावरही चिडले, की सांगत काय बसलीस, न्यायचं. मग तिच्याच हातचं जेवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने त्याला रोह्याला घेऊन आले.

रोह्यात आमच्या डॉक्टरबाई आहेत, आमच्या घरातल्या सगळ्यांना त्या ओळखतात. त्यांनी पाय दाबून बघितला, जांघेत गाठ आहे का ते बघितलं, बोटाला सुई टोचून साखर बघितली. साखर वाढलेली निघाली. त्याला स्वतःला पत्ता नव्हता. बाई म्हणाल्या, चिखल्यांच्या चिरांतून जंतू आत शिरलेत आणि कातडीखाली पसरतायत. वरून लावायच्या कशानेच हे जायचं नाही, पोटातून अँटिबायोटिक घ्यावं लागेल. गोळ्या लिहून दिल्या. वेळ चुकवायची नाही, बरं वाटलं तरी मध्येच सोडायच्या नाहीत, पाय उंचावर ठेवायचा. तो प्रत्येक वाक्याला "व्हय" म्हणत होता. त्याचा "व्हय" म्हणजे ऐकू आलं एवढंच, हे मला माहीत होतं.

मग बाईंनी एक गोष्ट केली जी मी पूर्वी कधी पाहिली नव्हती. लाली जिथे संपत होती तिथून त्यांनी पेनने पिंढरीभोवती रेघ ओढायला सुरुवात केली. बॉलपेन कातडीवर उमटेना, तेव्हा बाटल्यांवर लिहायचं जाड काळं पेन काढलं. रेघ वाकडीतिकडी आली, नडगीच्या हाडावर पेन घसरलं तिथे दुहेरी झाली. भाऊ मान वाकवून ती रेघ बघत होता. कारखान्यात नव्या पोराचं काम बघताना त्याचा चेहरा जसा होतो तसा झाला होता.

"ही रेघ जपायची," बाई म्हणाल्या. "लाली हिच्या आत राहिली, मागे सरली, तर गोळ्या लागू पडतायत. बाहेर आली तर नाही पडत. मग थांबायचं नाही, औषध बदलावं लागेल, कदाचित ॲडमिट करून शिरेतून द्यावं लागेल. रोज सकाळी फोटो पाठवा."

माझ्याकडे राहा म्हणून मी त्याला परोपरीने सांगितलं. नाही राहिला. मोठ्या मूर्ती आखणीला आल्यात म्हणाला, आणि दुपारच्या एसटीने परत गेला.

दुसऱ्या दिवसापासून फोटो यायला लागले. शाळेची प्रार्थना व्हायच्या आधी फोन वाजायचा. लाल पाय, त्याभोवती काळी रेघ, आणि खाली त्याचा निरोप, "रेघेच्या आत हाय." मी तो डॉक्टरबाईंना पुढे पाठवायचे. त्यांचं उत्तर यायचं, "ठीक. त्याच गोळ्या चालू ठेवा." मला हायसं वाटायचं. रेघ ही किती सोपी, किती हुशार युक्ती, असं मी शिक्षकांच्या खोलीत दोघींना कौतुकाने सांगितलंसुद्धा. लाली कधीच रेघेच्या बाहेर नसायची. केसभरही नाही.

भावजयीचा फोन आला तेव्हा मी घरी भाजी निवडत होते. ती हळू आवाजात बोलत होती, म्हणजे तो जवळपास असणार.

"वन्सं, जेवण जात नाय त्यांना. आणि अंगात हुडहुडी भरते. दोन गोधड्या टाकल्या तरी दात वाजतात."

"ताप आहे?"

"बघू देत नायत."

मी त्याला फोन केला. भिजलेलो म्हणून थंडी वाजली म्हणाला. आवाज खोल गेलेला होता. मी डॉक्टरबाईंना कळवलं. थंडी कधीपासून भरते ते त्यांनी विचारलं. मग म्हणाल्या, "लाली जागची हलत नाही, आणि थंडी वाजते. हे जुळत नाही. मला पाय बघायला हवा. आणि पहिल्यापासूनचे सगळे फोटो एकत्र पाठवा." त्याला परत फोन करून उद्या रोह्याला ये म्हटलं, तर म्हणाला, परवा येतो.

दुसऱ्या दिवशी सकाळचा फोटो आला. तिसरा तास मोकळा होता. शिक्षकांच्या खोलीत बसून मी फोटो ओळीने लावायला घेतले. भावाच्या नडगीवर, गुडघ्याच्या बरंच खाली, एक मोठा तीळ आहे, जन्मापासूनचा. पहिल्या फोटोत रेघ तिळाच्या चांगली चार बोटं खाली होती. त्या सकाळच्या फोटोत तीळ रेघेच्या आत होता, लालीच्या मधोमध.

फोन वाकडा धरला असेल, असं आधी मनात आलं. मी फोटो मोठा केला. पहिल्या फोटोतली रेघ वेडीवाकडी, हाडावर दुहेरी झालेली. या फोटोतली रेघ एकसारख्या जाडीची, कुठेही न अडखळता पिंढरीला वळसा घालून गेलेली, अगदी शेल्याच्या काठासारखी. ती रेघ कोणाची ते मला सांगायला कोणी नको होतं.

त्याला फोन लावला. वाजत राहिला. डॉक्टरबाईंना लावला आणि जे दिसलं ते सांगितलं. मला वाटलं होतं त्या रागावतील. त्या रागावल्या नाहीत, आणि त्यानेच मी जास्त घाबरले.

"म्हणजे लाली रोज वर चढत होती," त्या म्हणाल्या, "आणि मी रोज त्याच गोळ्या चालू ठेवा म्हणत होते. त्या गोळ्या या जंतूंना लागूच पडत नाहीयेत. त्यांना आत्ताच्या आत्ता ॲडमिट करा. पेणलाच. रोह्याला आणण्यात वेळ घालवू नका. मी तिथल्या सर्जनना फोन करते."

माझा नवरा धाटावला कंपनीत आहे, त्याची पहिली शिफ्ट होती आणि आत मोबाइल नेऊ देत नाहीत, गेटवरच ठेवावा लागतो. त्याच्यासाठी थांबण्यात अर्थ नव्हता. मुख्याध्यापकांना दारातूनच सांगितलं आणि स्टँडवर आले. पेणची एसटी उभी होती. बसले आणि भावजयीला फोन लावला. ती कारखान्यातच होती, डबा घेऊन गेलेली.

"रिक्षा बोलाव आणि त्याला दवाखान्यात ने. आत्ता. मी निघालेय."

"ऐकत नायत वन्सं. एक डोळा झालाय, एक राह्यलाय म्हणतात."

एक डोळा काढून आखणी करणारा उठत नाही. मूर्ती एका डोळ्याने बघत राहिलेली कोणी ठेवत नाही, हे त्या कारखान्यात कोणाला शिकवावं लागत नाही. मलाही ते माहीत होतं. पण त्या क्षणी मला त्या डोळ्याचा, त्या मूर्तीचा, आख्ख्या कारखान्याचा संताप आला.

"फोन त्याच्या कानाला लाव."

तिने लावला. मला त्याचा श्वास ऐकू येत होता, धापा टाकल्यासारखा.

"ऊठ," मी म्हटलं.

"ताई, एवढा एक डोळा. तसा कसा ठेवू?"

"तुझ्या पायात विष चढतंय. मला कळलंय तू काय केलंस ते."

त्याने कोणाला तरी दिवा जवळ धरायला सांगितलं. मग म्हणाला, "आता हात काढला तर परत जमायचा नाय," आणि फोन भावजयीच्या हातात गेला. एसटीतली माणसं माझ्याकडे बघत होती, कारण मी फोनवर ओरडत होते आणि माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नागोठणं गेलं. भावजय म्हणाली, "डोळा झाला वन्सं. पोरं उचलून रिक्षात घालतायत." वडखळला ट्रकांची रांग लागली होती आणि एसटी हलेना. मी सीटवरून उठून दारापाशी जाऊन उभी राहिले, जणू त्यामुळे गाडी लवकर जाणार होती. कंडक्टरने बसा म्हटलं तर त्यालाही बोलले. बिचाऱ्याचा काय दोष.

दवाखान्यात पोचले तेव्हा त्याला सलाईन लावलेलं होतं. लाली गुडघ्याच्या वर गेली होती. पिंढरीवर पाण्याचे फोड आले होते आणि एका जागी कातडी मऊ, काळपट पडली होती. फोटोत ही बाजू कधी आलीच नव्हती. सर्जन बोलायला तुसडे वाटले, पण नंतर कळलं की तो माणूस घाईत होता, तुसडा नव्हता. म्हणाले, आत पू झालाय, तो उघडून काढावा लागेल. काढलेला पू तपासायला पाठवणार, म्हणजे हा जंतू नक्की कुठल्या औषधाला दबतो ते कळेल. तोवर शिरेतून जास्त जोराचं अँटिबायोटिक.

"पाय वाचेल ना?"

"पाय वाचवायचाच प्रयत्न आहे. आत्ता माझ्याकडून शब्द घेऊ नका."

भावजय खाली बाकावर जाऊन बसली. आत न्यायची तयारी होईपर्यंत मी त्याच्याजवळ थांबले. आता विचारू नये हे कळत होतं, तरी विचारलं. माझा स्वभावच तसा.

"का केलंस रे असं?"

"पहिल्याच आंघोळीत रेघ पुसली गेली. बाई म्हणालेल्या, रेघ जपायची. म्हटलं ओरडतील. मग लाल जिथं संपत होतं तिथून काढली परत."

"आणि त्याच्यानंतर?"

"सकाळी बघितलं तर लाल बाहेर आलेलं. ब्रश हातातच होता." तो ओठ ओले करत थांबला. "रंग रेघंबाहेर दिसला की मला बघवत नाय गो. हात आपोआप जातो."

"एकदा हात आपोआप जाईल. रोज?"

त्याने मान भिंतीकडे वळवली.

"रोज नाय. मग भ्यालेलो. बाहेर आलंय म्हटलं तर पाय कापतील वाटलं. निदान या मूर्ती होऊ देत म्हटलं."

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि त्याला पोटाशी धरावंसंही वाटलं. दोन्ही केलं नाही. म्हटलं, "मूर्ती दुसरा कोणीतरी आखेल. चांगली नाही आखणार, पण आखेल. मला दुसरा भाऊ कुठून आणायचा?" मग त्याला आत नेलं.

त्याला बाहेर आणलं तेव्हा पिंढरीला मोठं बँडेज होतं आणि मांडीवर, गुडघ्याच्या वर, सर्जनांनी नवी रेघ ओढलेली होती. तिरकी, घाईत ओढलेली. नर्सने आम्हाला दोघींना बजावलं की या रेघेला पाणी, रुमाल, काही लावायचं नाही. कोणीतरी त्यांना आमची हकीकत सांगितली असावी.

सकाळी सर्जन आले आणि चादर बाजूला केली. लाली रेघेच्या बाहेर होती. अर्धं बोट असेल, पण बाहेर. भावजयीने माझा दंड इतका घट्ट धरला की दुखायला लागला. भाऊ तापाच्या गुंगीत होता, त्याला यातलं काही कळत नव्हतं. सर्जन म्हणाले, औषध शिरेतून गेलं तरी पहिले काही तास लाली पुढे जाऊ शकते, आणि रेघ होती तशीच ठेवली. पण जाताना परत एकदा वळून पायाकडे बघून गेले, ते मी पाहिलं. दिवसभर मी आणि भावजय आळीपाळीने त्या रेघेकडे बघत बसलो. किती बघितली तरी लाली हलताना दिसत नाही, आणि नजर काढवतही नाही. भावजय मध्येच म्हणाली, "वन्सं, मीच घासून घासून आंघोळ घातली त्यांना. माझ्या हातानं पुसली." मी तिला जवळ घेतलं. तिला रागावण्याइतकं माझ्यात काही उरलं नव्हतं.

दुपारनंतर पुवाच्या तपासणीचा पहिला, कच्चा अहवाल आला. पहिल्या गोळ्यांना हा जंतू दाद देत नव्हता, आणि सलाईनमधल्या औषधालाही फारसा नाही. सर्जनांनी लगेच औषध बदललं. रोह्याहून डॉक्टरबाईंचा फोन आला, त्यांनीही हेच औषध बरोबर असल्याचं सांगितलं, आणि मग उगाचच म्हणाल्या, "मी पाय समोर बघायला हवा होता." मी त्यांना म्हटलं, फोटोत जे दिसत होतं ते आम्ही सगळ्यांनीच बघितलं. त्यांनी फोन ठेवला नाही, आम्ही दोघी जेवलो का ते विचारलं. मला त्या तेव्हा फार आपल्या वाटल्या.

पुढची सकाळ उजाडली ती पावसाची उघडीप घेऊन. भाऊ जागा होता. डोळे खोल गेलेले, ओठांवर सालं. ताप थोडा उतरला होता, पण सर्जन अजून यायचे होते. भावजय चहा आणायला खाली गेली होती.

"ताई, चादर काढ," तो म्हणाला. "तू बघ. मी नाय बघणार."

त्याने डोळे घट्ट मिटले. मी चादर उचलली. मांडीवर ती तिरकी रेघ होती. आणि लाली तिच्या खाली सरकली होती. रेघ आणि लाली यांच्यामध्ये कातडीची एक पट्टी मोकळी झाली होती, सुरकुतलेली, किंचित पिवळट, पण आमच्या घरातल्या सगळ्यांच्या अंगाचा असतो तोच सावळा रंग. मी नुसती बघत राहिले.

त्याने माझ्या गप्प राहण्याचा भलताच अर्थ घेतला. डोळे न उघडता, अगदी लहान आवाजात त्याने विचारलं, "कापायचं म्हणतायत का गो?"

"ऊठ," मी कसंबसं म्हटलं. "स्वतः बघ."

मी पाठीला हात दिला. तो कोपरांवर उठला आणि मांडीकडे बघत राहिला. बराच वेळ. एक बोट त्या मोकळ्या पट्टीपर्यंत नेलं आणि तिथेच थांबवलं, टेकवलं नाही.

"ही रेघ कोणी काढली?"

"सर्जननी. तू शुद्धीत नव्हतास तेव्हा."

"माझा हात नाय ना लागला हिला?"

"नाही."

"मग खरं हाय," तो म्हणाला, आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागला.